ठाणे-कल्याण भागातल्या कर्तबगार स्त्रिया आठवीच्या वर्गात कशा शिकवाव्यात?

कळवा_आठवी_ब
12 जानेवारी, रात्री 9:50

नमस्कार. मी कळव्यातल्या एका मराठी शाळेत आठवीला इतिहास आणि मराठी शिकवते. अडले आहे म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल.

दर वर्षीप्रमाणे 3 जानेवारीला आम्ही सावित्रीबाईंची जयंती केली. पाच मुली नऊवारी नेसून, हातात पाटी घेऊन आल्या. पाच भाषणं झाली आणि पाचही भाषणांत शेण आणि दगड आले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, सावित्रीबाई कविता लिहायच्या, कोणी एखादी वाचली आहे का? एकही हात वर नाही. त्या गेल्या कशाने? तेही कोणाला माहीत नाही. 1897 च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली, हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. करोना या मुलांनी आपापल्या चाळीत बघितलाय. इतकी भाषणं पाठ करून झाली, पण सावित्रीबाई त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भेटल्या असं मला वाटलं.

मग शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, या सगळ्या पुण्याच्याच का? आपल्याकडं कोणी झालीच नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. नऊ वर्षं इतिहास शिकवतेय, जन्म ठाण्यातला, आणि त्या क्षणी एक नाव तोंडात आलं नाही. ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही.

मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांनी फेब्रुवारीत मला सहा तासिका दिल्या आहेत, प्रत्येकी 35 मिनिटांच्या. वर्गाचा पट 43. काही मुलं खारेगावातल्या जुन्या आगरी घरांतली, बाकीची बीड, जळगाव, रत्नागिरीकडून आलेल्या कुटुंबांतली. बऱ्याच जणींच्या आया ठाण्यात धुण्याभांड्याची कामं करतात. मुलगे अशा विषयाला "हा मुलींचा तास" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात.

वेशभूषा, भाषण, घोषवाक्यं यातलं काही मला नको आहे. कोणाकोणाबद्दल शिकवू आणि कसं, एवढं सांगा.

आणखी एक. आनंदीबाई जोशींचं नववर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, मारहाण, हे सगळं किती सांगायचं? माझ्या वर्गातल्या एका मुलीचं मागच्या दिवाळीत गावाला नेऊन लग्न ठरवलं होतं. शाळेने आणि तिच्या मामांनी मिळून ते थांबवलं. ती आज वर्गात आहे. तिच्यासमोर हे कसं बोलू?

लोको_शेड
12 जानेवारी, रात्री 11:15

बाई, मी रेल्वेतला माणूस, शिकवण्यातलं मला कळत नाही. पण तुमच्या मुलांच्या खिडकीतून रूळ दिसत असतील तर सुरेखा यादव यांच्यापासून सुरुवात करा. मूळच्या साताऱ्याकडच्या. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत शिकून 1989 मध्ये मध्य रेल्वेवर सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. सुरुवातीला त्यांनी वाडीबंदर ते कल्याण मालगाडी चालवली, म्हणजे गाडी तुमच्या कळव्यावरूनच गेली. 8 मार्च 2011 ला डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला आणली, 2023 मध्ये वंदे भारत. सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्या. मुलगे खिडकीबाहेर बघतात म्हणालात ना? बघू द्या. त्याच रुळांवर सांगा.

पाटीपेन्सिल
13 जानेवारी, सकाळी 7:05

मी डोंबिवलीत शिकवते. स्थानिक स्त्रिया हव्यातच, पण पुण्याची म्हणून सावित्रीबाईंच्या शाळेला सोडू नका. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला "मांगमहारांच्या दुःखाविषयी" हा निबंध 1855 मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. चौदा म्हणजे तुमच्याच वर्गातल्या मुलींचं वय. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल तिने लिहिलंय. सावित्रीबाई वर्गात काय शिकवत होत्या याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. मी तो एका मुलीकडून मोठ्याने वाचून घेते आणि नंतर पाच मिनिटं काहीही बोलत नाही.

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा
13 जानेवारी, दुपारी 3:30

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि जेवण झाल्याझाल्या लिहायला बसले.

पहिलं सांगते ते नकाशाचं. आताचा ठाणे जिल्हा डोळ्यांसमोर ठेवलास तर नावं कमी सापडतील. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, त्याआधी तलासरी, डहाणू, जव्हार सगळं आपलंच होतं. जुना ठाणे जिल्हा फळ्यावर काढ. मग त्या मुलीला दाखवता येईल की आपल्याकडे कोण कोण झालं.

मी 1988 साली डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पावसाळ्यात दोन ओढे ओलांडून जायचं. चौथीच्या वर्गात एकदा मी गोदावरी परुळेकरांचं नाव घेतलं. एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला लवकर येऊन ओट्यावर बसायचे. नाव कानावर पडलं तसे ते उठून उभे राहिले, डोक्याचं फडकं हातात घेतलं आणि तास संपेपर्यंत तसेच दारात उभे होते. बोलले काहीच नाहीत. मी तोपर्यंत परीक्षेपुरतंच वाचलेलं होतं. त्या दिवशी घरी येऊन नव्याने वाचायला लागले.

गोदूताई पुण्यात वाढलेल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली आदिवासींची सभा झाली आणि तिथे ठरलं, आता वेठ करायची नाही. वेठ म्हणजे काय ते मुलांना नीट सांग. जमीनदाराने बोलावलं की बिनपैशाने राबायचं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे काढले तर नवराबायको दोघांनी जन्मभर त्याच्याकडे गडी म्हणून राहायचं. त्याला लग्नगडी म्हणत. बायकांची काय अवस्था असेल ते आठवीच्या मुलांना न सांगता कळतं. त्याच वर्षी गवत कापण्याच्या मजुरीसाठी संप झाला. मागणी होती 500 पौंड गवताला अडीच रुपये. इथे थांब आणि मुलांना हिशेब करायला लाव. 500 पौंडांचे किलो किती? साधारण 227. एका दप्तराचं वजन किती? किती दप्तरं म्हणजे 227 किलो? तुझे खिडकीत बघणारे मुलगे इथे वहीकडे वळतील, मला खात्री आहे. मग सांग की 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. जेठ्या गांगड हे त्यातलं एक नाव. तेही फळ्यावर लिही. गोदूताईंनी हा सगळा लढा "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहून ठेवला आहे, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी कर, मुलांना घेऊन जा. ते ग्रंथालय 1893 पासून ठाण्यात उभं आहे आणि आपली मुलं त्याच्या दारावरून रिक्षाने जातात.

दुसऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या, 1945 मध्ये ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. का येतील? सकाळी गुरं, घरी धाकटं भावंड. तेव्हा या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. तुझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं अंगणवाडीत जाऊन आलेली असतील, त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. गुरं चरायला नेणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. महागडी परदेशी साधनं आणायला पैसे कुठले? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांवर मोजणी आणि रंग शिकवले. तू एका तासाला मूठभर चिंचोके आणि शिंपले घेऊन जा आणि तशीच शिकव. आठवीची मुलं हसतील, हसू दे.

मी डहाणूत होते तेव्हा अनुताई हयात होत्या. 1992 मध्ये त्या गेल्या. शाळेपासून कोसबाड लांब नव्हतं, पण सुट्टीत आधी घर गाठायचं आणि टेकडी पुढच्या वेळी, असं करत भेट राहिली. म्हणून सांगते, जिवंत असलेल्या बायकांकडे मुलांना आधी ने, पुस्तकातल्या कुठे जात नाहीत.

आता आनंदीबाई. त्या कल्याणच्या नाहीत असं कोणी म्हणालं तर वाद घालू नकोस, एवढंच सांग की माहेर कल्याणचं. कळव्याहून धिम्या लोकलने सहावं स्टेशन. मुलांना बोटावर मोजू दे. तिथून अमेरिकेतल्या फिलाडेल्फियापर्यंत दोरी ओढ, तिथे ती डॉक्टरकी शिकली.

तू विचारलंस किती सांगायचं. सगळं सांग, पण क्रम बदल. लग्नापासून सुरुवात केलीस तर मुलांच्या मनात ती बिचारी होऊन बसते आणि मग काही केल्या उठत नाही. मी तिच्या अर्जापासून सुरुवात करायचे. कॉलेजला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते, माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून मला शिकायचंय. हे लिहिणारी मुलगी अठरा वर्षांची होती. मग तो फोटो दाखव, 1885 चा, तीन विद्यार्थिनींचा. डावीकडे साडीतली आनंदीबाई, मध्ये जपानची केई ओकामी, उजवीकडे सीरियाची सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. मोबाइलवर नको, मोठा छापून ने आणि बाकांवरून फिरव. मुली वेशांकडे बघतील, मुलगे विचारतील या एकमेकींशी कोणत्या भाषेत बोलायच्या. त्यानंतर विचार, हिला डॉक्टरच का व्हावंसं वाटलं? आता दहा दिवसांत गेलेलं बाळ सांग. आता नववर्षीचं लग्न सांग. तिच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, तिला शिकवलं आणि अभ्यास केला नाही म्हणून मारलंही, दोन्ही सांग. माझ्या वर्गात गोपाळरावांवरून दोन तट पडायचे आणि मी मधे पडायची नाही. 11 मार्च 1886 ला तिला पदवी मिळाली आणि 26 फेब्रुवारी 1887 ला ती पुण्यात गेली, पुरती बावीस वर्षांचीही नव्हती. इतकं सांगून झालं की घंटा होऊ दे.

आणि ती मुलगी. लग्नाचा भाग येईल तेव्हा तिच्याकडे बघू नकोस. वर्गही तुझ्या नजरेमागे तिकडे वळेल. फळ्याकडे तोंड कर आणि तारीख लिही.

तिच्यासाठी आनंदीबाईंपेक्षाही रखमाबाई जवळच्या वाटतील. मुंबईच्या आहेत, पण आपल्यापासून दूर नाहीत. अकराव्या वर्षी लग्न झालं, त्या नांदायला गेल्या नाहीत. नवऱ्याने, दादाजींनी, 1884 मध्ये कोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, अजाण वयात लग्न लागलेल्या बाईला मनाविरुद्ध पाठवता येणार नाही म्हणाले. अपील झालं. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा हुकूम दिला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर नवऱ्याने दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला बरीच वर्षं नोकरी केली आणि 1955 पर्यंत जगल्या. हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. आपल्याकडच्या मुलींना अकाली गेलेल्याच फार सांगितल्या जातात. कोर्ट वर्गात भरव. दोन बाजू, दोन निकाल, दोन दिवस.

घणसोलीकर
14 जानेवारी, रात्री 8:20

मोठ्या बाईंनी जिवंत बायकांकडे न्या म्हटलं म्हणून लिहितो. बाई, तुमच्या वर्गात खारेगावची आगरी मुलं आहेत ना? त्यांना विचारा, घरात किंवा आळीत धवलारीण कोण आहे.

माझी आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडव, हळद, प्रत्येक टप्प्याचा धवला वेगळा. ती देवांना नावानिशी लग्नाला बोलावते. आजी म्हणायची, "धवला बोलल्याबिगर लगीन लागत नाय." शाळेचं तोंड न बघितलेली बाई, रात्रभर तोंडपाठ गायची आणि पुढारीसुद्धा तिच्यासमोर खाली बसायचे. आमच्या गावात मोठमोठे बंगले झाले, डीजे आला, आणि आजी गेली तेव्हा तिचे निम्मे धवले तिच्याबरोबर गेले. आमच्यापैकी कोणी लिहून घेतले नाहीत. मला याचं आजही फार लागतं.

पुढे कॉलेजात मराठी घेतलं तेव्हा पहिल्याच वर्षी महदंबा शिकायला आली. तेराव्या शतकातली महानुभाव पंथातली, मराठीतली आद्य कवयित्री. तिच्या रचनेचं नाव काय? धवळे. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यात गायलेली लग्नगीतं. मी वर्गात बसल्याजागी थरारलो. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीच्या गाण्याचं आणि माझ्या आजीच्या गाण्याचं नाव एकच. प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि आजीचा एक धवला म्हणायला लावला. चार ओळींपुढे मला येत नव्हता.

तुमच्या मुलांकडून लिहून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. आत्ता घ्या.

कळवा_आठवी_ब
1 मार्च, रात्री 10:10

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा तासिका काल संपल्या. काय काय झालं ते लगेच लिहितेय.

पहिल्या दिवशी फळ्यावर जुना जिल्हा काढला आणि कल्याण, झरी, तलवाडा, कोसबाड अशा खुणा केल्या. शेवटच्या बाकावरची मुलगी न सांगता पुढे आली आणि खडूने कळवा लिहून गेली. गवताच्या हिशेबात मुलगे खरंच अडकले. शाळेच्या वजनकाट्यावर एक दप्तर पाच किलो भरलं, म्हणजे 45 दप्तरं. त्यांनी वर्गातली 43 दप्तरं कोपऱ्यात रचली आणि तरी दोन कमी पडली. एक जण म्हणाला, "बाई, आणि हे कापायचं पण?" त्याच्यापुढे मला काही समजवावं लागलं नाही. लोको_शेड, सुरेखाबाईंचा तास आम्ही खिडकीशीच घेतला. तासात तीन मालगाड्या गेल्या.

घणसोलीकर दादा, खारेगावच्या एका मुलाच्या आजी धवलारीण निघाल्या. तो इतकी वर्षं मित्रांपासून ते लपवत होता. मी घरी जाऊन आजींना बोलावलं. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत, सतरंजी मागितली. सुरुवातीला मागून हसण्याचा आवाज आला. आजींनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. वीस मिनिटं. मधेच घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. एका मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला कोणी शिकवलं?" त्या म्हणाल्या, "सासूनं. भाकऱ्या थापता थापता." आता तो मुलगा दर रविवारी आजीकडून एक धवला लिहून घेतो. सध्या वहीत तीन आहेत. शुद्धलेखन मी तपासत नाही, आजी म्हणतात तसंच राहू दे म्हटलं.

मुक्ता साळवेचा निबंध वाचून झाल्यावर मीही पाटीपेन्सिल बाईंसारखी गप्प बसले.

कोर्टाचे दोन दिवस शेवटी ठेवले. रखमाबाई व्हायला चार मुली तयार होत्या. दादाजींचा वकील व्हायला मुलगे. न्यायमूर्ती पिन्हे कोण होणार विचारलं तर कोणीच पुढे येईना, निकाल मोठा होता आणि वाचायचा होता. मग तिने हात वर केला. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, तिच्याकडे बघितलंही नव्हतं. टेबलामागे उभी राहिली, मी लिहून दिलेला कागद उलटा करून ठेवला आणि तोंडपाठ बोलली. दोन्ही वकिलांना गप्प बसवलं. मग म्हणाली, "मुलीला कळत नव्हतं तेव्हा लग्न लावलं. आता तिला कळतं. दावा फेटाळला."

मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते.